न्यून त्रिकाची थोरवी

मुलांच्या चुका तपासण्यांत ज्याचें सारें आयुष्य गेलें, त्याला स्वतःची चूक दिसावयास जरा वेळच लागतो. आमचें तसेंच झालें. ती चूक कोणती, एका अकरा वर्षांच्या मुलीला ती कशी भोवली, आणि तींतून आम्हांस या वयांत काय शिकावयास मिळालें, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहों. विषय पाश्चात्त्य संगीताचा आहे खरा. परंतु घरांत पेटी असली आणि सा रे ग म ओळखतां येत असलें, म्हणजे तो समजण्यास कोणासही अडचण पडूं नये.

आमच्या धाकट्या चिरंजिवांची कन्या दोन वर्षांपासून पियानो शिकते. घरीं पियानो नाहीं. विजेवर चालणारा लहानसा कीबोर्ड आहे, त्यावरच तिचा अभ्यास चालतो. तिचे शिक्षक मूळचे गोव्याचे. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत असत, आणि त्या परंपरेंत तयार झालेल्या अनेक वादकांनीं पुढें मुंबईच्या चित्रपटांतील वाद्यवृंद गाजविले. हे गृहस्थ त्याच परंपरेंतले. एकदां त्यांनीं मुलीला अभ्यास दिला, कीं सप्तकांतील प्रत्येक स्वरावर तीन-तीन सुरांचा गट बसवून वाजवावा आणि वहींत लिहून आणावा. सहा गट सुरळीत झाले. सातव्यापाशीं ती अडली.

"आजोबा, हा बघा ना कसा वाकडा वाजतो! माझें बोट चुकतंय का?"

आम्हीं वर्तमानपत्र खालीं ठेवून ऐकलें. बोटें बरोबर होतीं. सूर मात्र खरोखरच कानाला टोंचत होते. आम्हीं चष्मा पुसला आणि जुन्या मास्तरी थाटांत सांगितलें, "बाळ, हे स्वर एकमेकांचे विवादी. भरतमुनींनीं हें केव्हांच सांगून ठेवलें आहे. हा गट खोटा आहे, खोडून टाक."

मुलीनें खोडला. आठ दिवसांनीं वही परत आली, तेव्हां खोडलेल्या ओळीखालीं तांबड्या शाईनें लिहिलें होतें, "सातांतला सर्वांत महत्त्वाचा हाच. कोणी खोडावयास सांगितला?" मुलीनें आमचें नांव सांगितलें नव्हतें. "मीच खोडला," असें म्हणून ती चार बोल ऐकून घेऊन आली होती. ही हकीकत सूनबाईंकडून कळली, त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं माळ्यावरची पेटी खालीं काढली, भाता दुरुस्त करून घेतला, आणि वयाच्या साठीनंतर आम्ही नातीच्या पुस्तकाचे विद्यार्थी झालों.

प्रथम नांवांविषयीं. तीन सूर ठराविक अंतरांवर मांडून एकाच वेळीं वाजविले, म्हणजे त्या गटास इंग्रजींत ट्रायड म्हणतात. मराठींत कोणी मेळ म्हणेल. परंतु आपल्या शास्त्रांत मेळ म्हणजे थाट. तेव्हां घोटाळा नको म्हणून आम्ही त्याला त्रिक म्हणूं. तें बनविण्याची रीत सोपी आहे. कोणताही स्वर घ्यावा, पुढचा सोडून त्याच्या पुढचा घ्यावा, पुन्हां एक सोडून एक घ्यावा. सा घेतला कीं रे सोडून ग, आणि म सोडून प. झालें सा ग प हें पहिलें त्रिक. स्वर सर्व शुद्ध घ्यावयाचे. कै. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनीं शुद्ध स्वरांचा म्हणून जो बिलावल थाट मानला, तोच स्थूलमानानें पाश्चात्त्यांचा मेजर स्केल होय.

वाचकांनीं आतां पेटी पुढें घ्यावी आणि पांढरी एक हा षड्ज धरावा. सा ग प, म ध सा आणि प नी रे हीं तीन त्रिकें वाजवून पाहावीं. तिन्ही उजळ, भरदार वाटतील. यांना मेजर म्हणतात. छंदःशास्त्रांतील शब्द उसना घेऊन आम्ही त्यांना गुरु म्हणूं. मग रे म ध, ग प नी आणि ध सा ग हीं वाजवावीं. हीं कांहींशीं सौम्य, उदासवाणीं लागतात. हीं मायनर, म्हणजे लघु. सहा त्रिकें झालीं. राहिलें सातवें, नी रे म. म्हणजे पांढरी सात, तिच्यापुढील सप्तकांतली पांढरी दोन आणि पांढरी चार. या तीन पट्ट्या एकदम दाबल्या, कीं नातीनें वाकडा म्हटलेला आवाज ऐकूं येईल.

हा वांकडेपणा येतो कोठून? काळ्यापांढऱ्या सर्व पट्ट्या हिशेबांत धरून अंतरें मोजावीं. सा पासून ग चौथ्या पट्टीवर, आणि ग पासून प तिसऱ्या पट्टीवर. चार आणि तीन मिळून सात. रे म ध यांत आधीं तीन, मग चार; तरी बेरीज सातच. गुरु आणि लघु यांत क्रम उलटा झाला, पण दोहोंतही पहिला आणि शेवटचा स्वर यांत सात पट्ट्यांचें अंतर कायम राहिलें. हें अंतर म्हणजे आपला षड्जपंचमभाव. तंबोऱ्याच्या तारा ज्यावर लावतात तोच हा संवाद. आतां नी रे म मोजावें. नी ते रे तीन, रे ते म तीन, एकूण सहा. एक पट्टी उणी पडली. पंचम पुरा झाला नाहीं, आंखडला. म्हणून या त्रिकास डिमिनिश्ड, म्हणजे न्यून, असें नांव पडलें.

ज्यांना गणिताची आवड आहे त्यांच्यासाठीं थोडें अधिक. आपल्या संगीतग्रंथांत षड्जाचीं दर सेकंदास २४० आंदोलनें धरून पुढील स्वर सांगण्याची चाल आहे. त्या हिशेबानें गांधार ३०० आणि पंचम ३६०. सा ग प यांचें प्रमाण निघतें ४ : ५ : ६. ध सा ग यांचें, धैवत ४०० धरून, १० : १२ : १५. इतकीं लहान प्रमाणें कानाला सहज पटतात. मात्र निषाद ४५०, तार ऋषभ ५४० आणि तार मध्यम ६४०. यांचें प्रमाण येतें ४५ : ५४ : ६४. याहून लहान संख्यांत तें बसत नाहीं. पेटीचे सूर या शुद्ध गणितापासून किंचित् ढळवून लावलेले असतात. तरी कानाला जें टोंचतें त्याचें मूळ येथें आहे.

मग हे स्वर विवादी, हें आमचें म्हणणें तरी खरें होतें ना? ग्रंथ उघडून पाहिला, तों तेंही खरें नव्हतें. भरतानें बावीस श्रुतींचें सप्तक मानून सांगितलें आहे, कीं ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचें अंतर ते परस्परांचे संवादी. विवादी म्हणून त्यानें ज्या जोड्या सांगितल्या, त्या अगदीं शेजारच्या, दोन श्रुतींच्या अंतरावरील आहेत. ऋषभ आणि गांधार ही एक, धैवत आणि निषाद ही दुसरी. बाकीचे ते अनुवादी. आमच्या त्रिकांतील नी आणि म यांत तर जवळजवळ अर्ध्या सप्तकाचें अंतर! त्यांना विवादी ठरविण्यास मुनींचा कांहींच आधार नाहीं. शिवाय हा सारा विचार एकामागून एक गाइल्या जाणाऱ्या स्वरांचा आहे. एकाच क्षणीं तीन सूर वाजविण्याचा प्रश्न त्यांच्यापुढें नव्हताच. एका शास्त्रांतील शब्द दुसऱ्या शास्त्राच्या डोक्यावर मारावा आणि तो मारतांना त्याचा अर्थही चुकवावा, हा दुहेरी प्रमाद आमचा. वर्गांत कोणी मुलानें असें उत्तर लिहिलें असतें, तर आम्हीं त्याला शून्य दिलें असतें.

असो. त्रिक टोंचतें हें खरें. पण टोंचून तें करतें काय? याचें उत्तर आम्हांस पुस्तकांत मिळण्यापूर्वीं स्वयंपाकघरांतून मिळालें. एके दिवशीं सायंकाळीं आम्ही नी रे म हेच तीन सूर पुन्हां पुन्हां वाजवून थांबत होतों. चारपांच वेळां तसें झाल्यावर आमच्या कुटुंबानें आंतून विचारलें, "अहो, तें अर्धवट काय सोडतां? पुरें तरी करा!" आणि भाकरी थापतां थापतांच त्यांनीं तार षड्ज गुणगुणून दाखविला. त्यांनीं पाश्चात्त्य संगीताचें एक अक्षर वाचलेलें नाहीं. पण हें वाक्य अपुरें आहे आणि तें सा वर पुरें होतें, हें त्यांच्या कानानें बिनचूक सांगितलें.

शास्त्र हेंच सांगतें. निषादाच्या डोक्यावर एकाच पट्टीवर षड्ज आहे. त्याची ओढ वर. मध्यमाच्या पायाशीं एकाच पट्टीवर गांधार आहे. त्याची ओढ खालीं. म्हणून नी चढून सा होतो, म उतरून ग होतो, आणि दोहोंमधला रे सा वर किंवा ग वर जाऊन बसतो. वाचकांनीं नी रे म वाजवून लगेच सा ग वाजवावें. दाटून आलेला श्वास सुटल्यासारखें वाटेल.

युरोपांतील रचनाकारांनीं या त्रिकाचें लाड कसे केले, तेंही पाहण्यासारखें आहे. तें उभें राहतें तेव्हां खर्जाच्या नी शीं वरचा म भांडतो. म्हणून ते बहुधा रे हा खालीं ठेवून म आणि नी हे त्याच्या वर मांडीत. मग खालच्या स्वराशीं दोहोंचेंही पटतें; जें काय कुरकुरणें तें वरच्या दोघांत राहतें आणि कानाला फारसें बोंचत नाहीं. चार गळ्यांसाठीं लिहावयाचें असेल तर एक स्वर दोघांना द्यावा लागतो; तो शक्यतों रे असावा, नी कधींहि नसावा, असा नेम. ज्याची ओढ सर्वांत तीव्र, त्यालाच दुप्पट केलें तर तोल जातो. पुढें फ्रान्समध्यें झां फिलिप रामो यानें १७२२ सालीं आपला स्वरसंवादशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्रिकाचे स्वर खालींवर केले तरी त्रिक तेंच राहतें, हा विचार त्यांत पद्धतशीर मांडलेला आहे. त्यानंतरच्या अनेक शास्त्रकारांनीं नी रे म हें प नी रे म या चार स्वरांच्या गटाचेंच, पंचम गाळलेलें रूप मानलें. दोन्ही गट वाजवून पुढें सा ग प वाजविलें, तर दोहोंची वाट एकाच दारांत जाते हें ऐकूं येतें.

आतां या विषयांतील आम्हांस सर्वांत आवडलेली गोष्ट. समजा, अंधाऱ्या खोलींत कोणीं सा ग प हें आमचें पहिलें त्रिक, म्हणजे पांढरी एक, तीन आणि पांच, एवढेंच वाजविलें. त्यावरून वादकाचा षड्ज कोणता हें सांगतां येईल काय? नाहीं. तें पांढरी एकच्या सप्तकांत जसें आहे, तसेंच पांढरी चारच्या आणि पांढरी पांचच्या सप्तकांतही आहे. प्रत्येक गुरु त्रिकाला अशीं तीन घरें असतात. प्रत्येक लघु त्रिकालाही तीन. मात्र पांढरी सात, दोन आणि चार हें न्यून त्रिक बारा षड्जांच्या बारा शुद्ध सप्तकांत धुंडाळावें. तें एकाच ठिकाणीं सांपडतें, आणि तें ठिकाण म्हणजे पांढरी एक. सहा भरदार त्रिकें घराचा पत्ता सांगूं शकत नाहींत; ज्याला आम्हीं खोटें म्हणून खोडविलें, तेंच एकटें तो बिनचूक सांगतें.

आपल्या गायकाला या पत्त्याची गरज भासत नाहीं, कारण त्याच्या पाठीशीं तंबोरा असतो. षड्ज अखंड वाजत असतो. मालकंसासारख्या रागांत पंचम वर्ज्य असला तर ती तार मध्यमांत लावतात, पण षड्ज सुटत नाहीं. पाश्चात्त्य संगीतांत असा तंबोरा नाहीं. तेथें रचना चालू असतांनाच षड्ज बदलतो; एका घरांतून निघून दुसऱ्यांत बिऱ्हाड करावयाचें, आणि बहुधा शेवटीं मूळ घरीं परत यावयाचें, ही तेथील रीत. अशा वेळीं नव्या घराची खूण ऐकणाऱ्याला पटवावी लागते. पांढरी एकवरून पांढरी पांचवर जावयाचें असेल, तर काळी तीन, पांढरी सहा आणि वरची पांढरी एक हें नव्या घराचें न्यून त्रिक वाजवून, मग पांढरी पांच, सात आणि वरची दोन वाजवून पाहावीं. घर बदलल्याचें कान तात्काळ ओळखतो.

या नी आणि म च्या अंतराला युरोपांत 'संगीतांतील सैतान' असें नांव पडलें होतें. तें अंतर वाजविणाऱ्यास चर्चनें शिक्षा केल्याच्या गोष्टी पुष्कळ सांगतात, पण त्यांना आधार मिळत नाहीं. सैतान हें नांव अठराव्या शतकाच्या आरंभींच्या संगीतग्रंथांत दिसतें, आणि तें शिकाऊ गायकांना सावध करण्यापुरतें आहे. खरी भीति उत्पन्न होते ती या त्रिकावर आणखी एक मजला चढविल्यावर. नी रे म यावर पुन्हां तीन पट्ट्यांनीं कोमल धैवत ठेवावा. आतां चार स्वर झाले आणि सप्तकाचे चार सारखे भाग पडले. कोठूनही मोजलें तरी अंतर तीनच. म्हणून आरंभ कोणता आणि शेवट कोणता हें कळेनासें होतें. असे चौस्वरी गट पेटीवर तीनच निघतात, प्रत्येकाच्या पोटांत चार न्यून त्रिकें असतात, आणि प्रत्येक गट चार निरनिराळ्या घरांकडे सारखाच बोट दाखवितो. त्रिक पत्ता सांगत होतें. हा चौथा स्वर येऊन तो पत्ता पुसून टाकतो.

या गुणाचा उपयोग थोरांनीं कसा केला पाहा. योहान सेबास्टियन बाख याच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन' या रचनेंत (ती १७२७ सालीं लाइप्झिग येथें प्रथम गाइली गेली असें मानतात) रोमन अधिकारी जमावाला विचारतो, दोघांपैकीं कोणाला सोडूं? येशूला कीं बराबस या बंदिवानाला? जमाव एकच नांव ओरडतो, "बराबस!" आणि त्या ओरडण्याला बाखनें हाच चौस्वरी गट दिला आहे. न्यायाचें घर हरवल्याचा तो क्षण. त्याला पत्ता नसलेलाच स्वरगट शोभला. पुढें १८२१ सालीं बर्लिनमध्यें रंगभूमीवर आलेल्या वेबरच्या 'डेर फ्रायशुट्झ' या संगीतनाटकांत रानांतल्या काळ्या शिकाऱ्याची, झामिएलची, चाहूल याच जातीच्या गटानें लागते. पेटीवर तो काळी तीन, पांढरी सहा, वरची पांढरी एक आणि काळी दोन असा वाजेल. दिवे मालवून वाजवूं नये, इतकेंच आमचें सांगणें. धाकटीं मुलें घाबरतात, हा अनुभव आहे.

एवढें समजल्यावर आम्हांस एक काम उरलें होतें. नातीला जवळ बोलाविलें आणि झाली चूक सरळ सांगितली. ती म्हणाली, "मला माहीत होतं, आजोबा. पण तुम्ही इतक्या खात्रीनं सांगितलंत!" हा खात्रीचा टोला आम्हांस तांबड्या शाईहून अधिक लागला. ज्ञान थोडें आणि खात्री दांडगी, हें घरांतील वडील माणसांचें जुनें दुखणें आहे; आणि त्याचा भुर्दंड भरतात तीं मात्र न बोलणारीं मुलें.

तिनें ती ओळ पुन्हां लिहिली: नी, रे, म. त्याखालीं आम्हीं शिक्षकांसाठीं लिहिलें, "मागील वेळीं ही ओळ मुलीनें आमच्या सांगण्यावरून खोडली. दोष तिचा नाहीं," आणि खालीं सही केली. पुढच्या आठवड्यांत वही आली. सहीशेजारीं तांबड्या शाईची एक बारीक खूण होती, आणि पुढचा अभ्यास दिलेला होता: बाराही षड्जांचीं न्यून त्रिकें शोधून काढावीं. सध्यां आम्ही दोघें रोज एक याप्रमाणें तीं शोधीत आहों. सात झालीं. आठव्याच्या वेळीं मुलगी बरोबर होती आणि आम्ही एक पट्टी चुकलों; पण या खेपेस कोणाला कांहीं खोडावयास सांगण्यापूर्वीं आम्हीं पट्ट्या पुन्हां मोजल्या.